आपत्तीत जनावर दगावलं तर सरकारी मदत कशी मिळवायची: कोकणातल्या नवख्या पशुपालकांसाठी

वादळ झालं की कोकणात सगळी चर्चा आंबा, काजू, पोफळी आणि उडालेल्या पत्र्यांची. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरकडून आत घुसलं, रायगड आणि खाली दापोली-मंडणगडची पार वाट लागली, तेव्हा फळबागेला हेक्टरी ५० हजार मिळणार हे शेंबड्या पोराला पण पाठ झालं होतं, पण गोठा कोसळून मेलेल्या म्हशीचे पण पैसे मिळतात हे लोकांना घरोघर सांगावं लागत होतं. मग २०२१ च्या मे मध्ये तौक्ते आलं, जुलैत चिपळूण, खेड, महाडला पूर आला, आणि दरवेळी तेच. जनावर मेलं, लोकांनी डोळे पुसले, खड्डा काढला, पुरलं, आणि पंधरा दिवसांनी कुणीतरी सांगितलं म्हणून तहसीलला गेले तर तिथे पहिला प्रश्न, पोस्टमॉर्टेम कुठाय?

लॉकडाऊननंतर मुंबई-पुण्याहून गावी येऊन शेळ्या, दोन म्हशी, गावठी कोंबड्या असं काहीतरी सुरू केलेली बरीच मंडळी आता आपल्याकडे आहेत, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहितोय. जुन्या लोकांना जनावराचं सगळं कळतं पण कागदाचं कळत नाही, नव्या लोकांचं उलटं, आणि इथे दोन्ही लागतं.

आधी पैसे किती ते सांगतो, कारण सगळे तेच पहिलं विचारतात. ही मदत राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येते, त्यात ७५ टक्के वाटा केंद्राचा आणि २५ टक्के राज्याचा. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी जे निकष ठरले त्याप्रमाणे दुधाळ गाय किंवा म्हैस ३७,५०० रुपये, शेळी-मेंढी-डुक्कर ४,००० रुपये, ओढकाम करणारं मोठं जनावर म्हणजे बैल, घोडा वगैरे ३२,००० रुपये, आणि वासरू, गाढव, शिंगरू हे २०,००० रुपये. कोंबडी एका पक्ष्याला १०० रुपये पण एका कुटुंबाला जास्तीत जास्त १०,००० च. आधीच्या निकषात हेच आकडे गाय-म्हैस ३०,०००, बैल २५,०००, वासरू १६,००० असे होते, म्हणून जुनं कात्रण किंवा व्हॉट्सॅपवर फिरणारा जुना जीआर बघून भांडायला जाऊ नका, आणि निकष दर काही वर्षांनी बदलतात तेव्हा तुमच्या वेळी कुठला चालू आहे ते तहसीलच्या नैसर्गिक आपत्ती टेबलावर विचारून घ्या.

मर्यादा पण आहे. एका कुटुंबाला मोठी दुधाळ जनावरं ३ किंवा लहान दुधाळ ३०, ओढकामाची मोठी ३ किंवा लहान ६, एवढ्यापर्यंतच, मग गोठ्यात दहा म्हशी बुडाल्या तरी. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अतिवृष्टीचं मोठं पॅकेज जाहीर झालं तेव्हा सरकारने ही तीन जनावरांची अट काढून टाकली होती, पण ते त्या पॅकेजमधलं होतं, दरवेळी तसं होईलच हे धरून चालू नका. आणि निकषात अजून एक वाक्य आहे जे कुणी वाचत नाही, मदत आर्थिकदृष्ट्या उत्पादक जनावरालाच. म्हणजे म्हातारी, कायमची भाकड गाय गेली तर अडचण येऊ शकते. आता गाय गाभण असल्यामुळे दूध देत नसेल तर ती काय अनुत्पादक नाही, पण हे डॉक्टरांच्या कागदावर लिहिलेलं असायला हवं, तुम्ही तोंडाने सांगून उपयोग नाही.

माझं मत विचाराल तर या दरांमध्ये आपल्या गावठी गायीवाल्याचं बऱ्यापैकी भागतं, कारण कोकण कपिला म्हणजे आपली ती छोटीशी काटक गाय, तिचा बाजारभाव तेवढा नसतोच. पण कर्ज काढून लाखाच्या वर किंमतीची मुऱ्हा म्हैस आणली असेल तर ३७,५०० मध्ये अर्धी पण येत नाही, आणि शेळीवाल्याची तर थट्टाच आहे, ४,००० मध्ये आज बरं करडू मिळतं का सांगा. म्हणून ज्यांनी भारीतली जनावरं आणलीत त्यांनी विमा वेगळा काढाच. केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ पासून पशुपालकाचा हिस्सा प्रीमियमच्या १५ टक्क्यांवर आणलाय, बाकीचं केंद्र आणि राज्य मिळून भरतं, तुमच्या तालुक्यात योजना सध्या सुरू आहे का ते पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जनावर कशाने मेलं त्यावर कुठलं ऑफिस हे ठरतं. चुकीच्या ऑफिसात महिना घालवलेले लोक मी बघितलेत.

पूर, चक्रीवादळ, दरड, ढगफुटी, गारपीट, आग, भूकंप हे केंद्राच्या यादीत आहे. शिवाय महाराष्ट्राने आपल्यापुरत्या अवेळी पाऊस, अतिवृष्टी, वीज कोसळणे, समुद्राचं उधाण आणि आकस्मिक आग अशा गोष्टी राज्याची आपत्ती म्हणून धरल्यात. ही सगळी प्रकरणं तलाठी आणि तहसीलदारांकडे. कोकणात यातली वीज सगळ्यात कामाची, कारण मे अखेरचा वळीव आणि ऑक्टोबरातला परतीचा पाऊस या दोन वेळेला सड्यावर म्हणजे वरच्या उघड्या कातळावर चरणारी गुरं झाडाखाली गोळा होतात आणि एका फटक्यात तीन-चार जातात. अतिवृष्टीचं मोजमाप म्हणजे महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमी पाऊस, आपल्याकडे जुलैत ते उठता बसता होतं त्यामुळे तो मुद्दा सहसा अडत नाही.

बिबट्याने नेलं, कोळसुंद्यांनी म्हणजे रानकुत्र्यांनी फाडलं, गव्याने मारलं, खाडीत किंवा वाशिष्ठीसारख्या नदीत मगरीने ओढलं, तर ते वनखात्याचं, तहसीलला जाऊ नका, त्याचं खाली वेगळं सांगतो. विजेची तार तुटून शॉक लागला तर महावितरणचं, तिथे विद्युत निरीक्षकाचा अहवाल लागतो, तार तशीच पडलेली असताना लांबून फोटो काढा आणि कुणी हात लावायच्या आधी वायरमनला फोन करा, कारण लाइन जोडून झाली की तुमच्याकडे पुरावा शून्य. आभाळातली वीज आणि तारेतली वीज यात बरेच जण घोळ करतात, अर्जात नुसतं "विजेने मृत्यू" लिहिलं की दोन्ही ऑफिसं एकमेकांकडे बोट दाखवतात.

आजाराने मेलं तर या निधीतून काही नाही. पूर ओसरल्यावर आठ-दहा दिवसांनी घटसर्पाने, फऱ्याने जनावरं जातात, मालकाला वाटतं पुरामुळेच गेलं, आणि खरंय ते एका अर्थी, पण पोस्टमॉर्टेममध्ये आजार आला की फाइल बंद. त्याला उपाय एकच, मे मध्ये सरकारी दवाखान्यातून पावसाळ्याआधीची लस टोचून घ्या. लम्पीच्या वेळी २०२२ मध्ये राज्याने आजाराने मेलेल्या जनावराला पण पैसे दिले, गायीला ३०,०००, बैलाला २५,०००, वासराला १६,०००, पण ती त्या साथीपुरती खास योजना होती. साप चावून मेलं तर वनखातं पण देत नाही, आपल्याकडे सापाचं प्रमाण बघता विम्याला हे पण एक कारण.

आता पावसाआधी करायचं काम. कानातला बिल्ला. पिवळा, बारा आकडी नंबरवाला. हा नंबर भारत पशुधन पोर्टलवर मालकाच्या नावाने चढलेला असतो आणि २०२४ पासून राज्याने स्पष्टच केलंय की बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री नाही, आणि आपत्तीत, शॉकने किंवा वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मेलं तर भरपाई पण नाही. शेळ्यांना पण लागतो हे लोक विसरतात. बिल्ला सरकारी दवाखान्यात मारून मिळतो, डॉक्टर किंवा पर्यवेक्षक वाडीवर पण येतात, चार घरांनी मिळून बोलावलं तर लवकर येतात.

पण नुसता बिल्ला असून भागत नाही, तो कुणाच्या नावावर आहे ते बघा. आपल्याकडची खास भानगड ही. गुरं आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन तीन वर्षं झाली, सांभाळते काकी, दुधाचे पैसे येतात पुतण्याच्या खात्यात आणि ज्याच्या नावावर घर तो कांदिवलीला. जनावर मेल्यावर मदत कुणाला द्यायची? तलाठी म्हणतात सगळ्या भावांचं संमतीपत्र आणा, आणि गणपतीशिवाय सगळे भाऊ एका जागी सापडत नाहीत. त्यापेक्षा आज दवाखान्यात जा, आधार आणि मोबाईल नंबर द्या, पोर्टलवर मालकाचं नाव बदलून घ्या. जनावर विकत घेतलं असेल तर बाजाराची पावती किंवा विकणाऱ्याकडून साध्या कागदावर लिहून घेऊन त्याच दिवशी नोंद बदला, नाहीतर तुमची म्हैस सरकारच्या लेखी अजून वरच्या घाटमाथ्यावरच्या माणसाचीच.

आणि प्रत्येक जनावराचा एक फोटो काढून ठेवा ज्यात बिल्ल्याचा नंबर वाचता येतो, एक फोटो पूर्ण जनावराचा, मागे आपला गोठा दिसेल असा. बस. फोनमध्ये नको नुसता, पोराला-भावाला पाठवून ठेवा, पुरात फोन पण जातो.

कोकणातली अजून एक सवय इथे आडवी येते. भातकापणी झाली की गुरं मोकाट. दिवाळी ते मृग, कोण कुठे चरतंय पत्ता नाही, आठ-आठ दिवस गोठ्यात येत नाहीत. अशा वेळी मे मधल्या वळवाच्या विजेने जनावर सड्यावर पडलं तर सापडेपर्यंत कोल्ह्यांनी आणि गिधाडांनी ठेवलेलं काय असणार. मग कारण ठरवता येत नाही आणि प्रकरण लटकतं. मोकाट सोडायचीच असतील तरी आभाळ भरून आलं की संध्याकाळी मोजून घ्या, आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप फोनमध्ये असूद्या, आसपास वीज पडायची शक्यता असली की ते आधी सांगतं.

बरं, आता प्रत्यक्ष जनावर मेलं. काय करायचं ते क्रमाने.

पहिलं, हलवू नका. गोठ्यात आहे तर गोठ्यात, झाडाखाली आहे तर झाडाखाली. फक्त पुराचं पाणी परत चढणार असेल तर वर ओढा, पण आधी फोटो. फोनवर जीपीएस कॅमेऱ्याचं कुठलंही ॲप टाका ज्यात फोटोवर तारीख, वेळ, जागा छापून येते, तलाठी स्वतः तेच वापरतात. फोटो कसले? बिल्ला जवळून, पूर्ण जनावर, आजूबाजूची जागा आणि जे कारण आहे ते. भिंत पडली तर पडलेली भिंत आणि जनावर एका फ्रेममध्ये. वीज पडली असेल तर ते झाड, खोडाची साल वरपासून खालपर्यंत सोलून निघालेली असते, माडाचा शेंडा जळलेला असतो, तो फोटो हमखास काढा, कारण जनावराच्या अंगावर कधी कधी खूण दिसतच नाही, केस थोडे जळलेले असतात एवढंच. पूर असेल तर गोठ्याच्या भिंतीवर पाणी कुठवर आलं ती चिखलाची रेघ.

बिल्ला कापून काढू नका. काही लोक "नंबर हवा म्हणून" कान कापून घरी आणतात. पंचनाम्याच्या वेळी बिल्ला कानातच दिसायला हवा.

दुसरं, फोन. दोन फोन एकाच वेळी, तलाठी आणि पशुवैद्यकीय दवाखाना. तलाठ्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, बोर्डावर तसं दिसेल, पण फोनवर भाऊसाहेब म्हटलं की चालतं. ते लागत नसतील तर पोलीस पाटलांना सांगा, त्यांचा जबाब पुढे फार उपयोगी पडतो. वादळाच्या दिवसात नेटवर्क असेल तर जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हा नंबर लावा, आणि नोंद क्रमांक मागून घ्या. जनावराच्या डॉक्टरसाठी १९६२, जखमी जनावर असेल तर फिरता दवाखाना त्याच नंबरवर मिळतो. फोनवर बोलून झालं की त्याच माणसाला व्हॉट्सॅपवर दोन ओळी टाका, "भाऊसाहेब नमस्कार, आज पहाटे आमच्या गोठ्याची भिंत पडून एक म्हैस मेली, बिल्ला नंबर अमुक, फोटो जोडलेत, कृपया पंचनाम्याला यावं." तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही आणि मोठ्या आपत्तीत त्या बिचाऱ्याकडे शंभर घरांचे फोन असतात, तुमचा मेसेज मात्र तारीख-वेळेसकट राहतो.

तिसरं, पोस्टमॉर्टेम. हे पशुधन विकास अधिकारी करतात, दिवसाउजेडी. आपल्याकडे एकेका डॉक्टरकडे दोन-तीन दवाखान्यांचा चार्ज असतो, रस्ते बंद असतात, तर ते यायला उशीर होणार हे धरून चला. पण जनावर पावसाळी दमट हवेत सहा-आठ तासांत फुगतं, वास येतो, शेजारी बोंब मारतात, घरातले म्हणतात पुरून टाक एकदाचं. इथेच लोक हरतात. आमच्या पट्ट्यातल्या एका वाडीत आंब्याचं झाड पडून बैलजोडीतला एक गेला, मालकाने दुपारी पऱ्ह्यात म्हणजे ओढ्यात सोडून दिला, दुसऱ्या दिवशी तलाठी आले तर दाखवायला फक्त दोरी. झाड होतं, दोरी होती, गावाने जबाब दिले, तरी ते प्रकरण काही पुढे सरकलं नाही. सावलीत ताडपत्री टाका, कुत्री लांब ठेवा, डॉक्टर खरंच येऊ शकणार नसतील तर त्यांना फोनवर विचारा की जवळच्या दुसऱ्या दवाखान्यातून कोण येईल, आणि काहीच जमलं नाही तर सरपंच, पोलीस पाटील आणि दोन पंचांसमोर लेखी करून, व्हिडिओ काढून मगच पुरा. हे दुसऱ्या नंबरचं आहे, पोस्टमॉर्टेमची सर त्याला नाही, पण नुसतं पुरून टाकण्यापेक्षा कितीतरी बरं.

एक सावधगिरी. नाकातोंडातून, गुदद्वारातून काळपट न गोठणारं रक्त येत असेल तर त्या जनावराला अजिबात हात लावू नका, कापू तर नकाच, तो फाशी रोग (अँथ्रॅक्स) असू शकतो आणि माणसाला होतो. डॉक्टरांना फोनवर हे आधी सांगा.

डॉक्टर आले की घडलं तसं सांगा, पाल्हाळ नको. गाभण होती का, किती दूध देत होती, कितवं वेत, हे सांगून कागदावर "दुधाळ" नीट लिहिलंय ना ते बघा. बैल असेल तर ओढकामाचा. वासरू असेल तर वय नीट लिहून घ्या कारण त्याचा दर वेगळा आहे.

चौथं, पंचनामा. तलाठी लिहितात, मोठ्या आपत्तीत ग्रामसेवक आणि पशुसंवर्धनचा माणूस बरोबर असतो. पंच म्हणून सख्खा भाऊ उभा करू नका, शेजारची दोन माणसं बघा. सही करायच्या आधी वाचा! तारीख, वेळ, मृत्यूचं कारण, जनावराचा प्रकार, संख्या, बिल्ला नंबर, मालकाचं नाव आधारवर आहे तसं. पंचनाम्यात "अंदाजे" आणि पोस्टमॉर्टेममध्ये दुसरंच कारण असं झालं की तहसीलचा क्लार्क फाइल बाजूला ठेवतो, आणि ती बाजूला ठेवलेली फाइल परत पुढे आणणं म्हणजे देवाक काळजी. कागदाचा फोटो काढून घ्या, कुणी नाही म्हणत नाही.

जनावर पुरात वाहून गेलं असेल तर शव नाही म्हणून सोडून देऊ नका. पोलीस ठाण्यात किंवा पोलीस पाटलाकडे लगेच लेखी खबर द्या, खाली कुठे नदीकाठच्या गावात, खाडीत मिळतं का त्याची चौकशी करा, चिपळूणच्या पुरात मैलोनमैल खाली गेलेली गुरं मिळाली, आणि अशा वेळी कानातल्या बिल्ल्यावरूनच कळतं कुणाचं ते. नाहीच मिळालं तर गोठ्याचा पंचनामा, दावणीचे तुटलेले दोर, शेजाऱ्यांचे जबाब, पोर्टलवरची नोंद हे सगळं जोडून अर्ज द्यायचा. जास्त फेऱ्या पडतात, हे आधीच सांगतो.

मग विल्हेवाट. जांभ्याच्या कातळात हाताने खड्डा होत नाही, जेसीबी लागतो, तर वाडीतल्या दोन-तीन घरांनी मिळून मागवा. सहा-आठ फूट खोल, चुना आणि मीठ टाकून, आणि विहिरीपासून, पऱ्ह्यापासून लांब. जांभ्यातून पाणी झिरपतं हे नव्या माणसाला लक्षात येत नाही, वरच्या अंगाला जनावर पुरलं आणि खालच्या विहिरीचं पाणी गेलं असं होतं.

कागदांचं आता पटकन. तहसीलदारांच्या नावे साधा अर्ज, पंचनामा, पोस्टमॉर्टेम अहवाल, फोटोंच्या प्रिंट, बिल्ला नंबर, आधार, बँक पासबुकाचं पहिलं पान, रेशन कार्ड, ग्रामपंचायतीचा दाखला की हे जनावर यांच्याकडे होतं. सातबारा मागतात काही ठिकाणी, असेल तर जोडा, सामाईक असला तरी चालतो, नसेल तर घाबरू नका, गुरं पाळायला जमीन लागते असं कुठे लिहिलेलं नाही. दोन सेट करा आणि एकावर आवक शिक्का घ्या. आवक शिक्क्याशिवाय दिलेला अर्ज म्हणजे दिलेलाच नाही.

बँकेचं मात्र नीट बघा. पैसे थेट खात्यात येतात, चेक क्वचित. आधारला शेवटी जे खातं जोडलंय तिकडेच रक्कम जाते, लाडकी बहीणच्या वेळी घरोघरी हा धडा मिळालाय. खातं बंद पडलंय का, केवायसी झालीय का बघा. विदर्भ कोकण ग्रामीण बँकेत ज्यांचं खातं होतं त्यांनी खास लक्ष द्या, १ मे २०२५ पासून ती महाराष्ट्र ग्रामीण बँकेत एकत्र झाली, तर पासबुकावरचा जुना आयएफएससी तसाच अर्जात लिहू नका, शाखेत जाऊन नवा विचारा. यादीत नाव आल्यावर तुमच्या नावापुढे विशिष्ट क्रमांक दिलेला असेल तर तो घेऊन सेवा केंद्रात अंगठा लावून ई-केवायसी करावी लागते, ती केल्याशिवाय पैसे अडकून राहतात आणि लोक इकडे तलाठ्याला शिव्या घालत बसतात.

कोंबड्यावाल्यांचं थोडं वेगळं. १०० पक्ष्यांच्या पुढे मेले तरी १०,००० च मिळणार, म्हणजे पाचशे-हजाराच्या शेडला ही मदत नावापुरती. करारावर कंपनीचे पक्षी वाढवत असाल तर पक्षी तुमचे नाहीतच, करारपत्रात आपत्तीचं काय लिहिलंय ते आधी वाचा. बर्ड फ्लूने मारलेले पक्षी पण यात येत नाहीत, त्याची भरपाई वेगळी. मेलेले पक्षी मोजून दाखवावे लागतात, ओळीने मांडून फोटो काढा. पडलेल्या गोठ्याला प्रत्येकी ३,००० मिळतात, तेही घराला लागून असलेल्या गोठ्याला, वर्षाचा पेंढा भिजून कुजला त्याचं तर कोण विचारतच नाही, म्हणून पेंढ्याची उडवी उंचावर रचा.

आता वनखात्याचं. बिबट्या आला तर ४८ तासांच्या आत वनरक्षकाला किंवा वनपालाला कळवा, नंबर नसेल तर १९२६. शव जिथे आहे तिथेच राहूद्या, बिबट्या परत येतो म्हणून लोक रात्रीच हलवतात आणि मग पंजाचे ठसे, ओढत नेल्याची खूण, मानेवरचे दात हे सगळं पुसलं जातं. ठशावर टोपली पालथी घाला. २०२२ च्या ऑगस्टमधल्या निर्णयानुसार गाय, म्हैस, बैल मेला तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७०,००० यातलं जे कमी ते, आणि शेळी-मेंढीला ७५ टक्के किंवा १५,००० यातलं कमी ते. बघा म्हणजे, शेळी पुरात मेली तर चार हजार आणि बिबट्याने खाल्ली तर त्याहून कितीतरी जास्त, हे गणित कुणी लावलं देव जाणे. पण म्हणून पुरातली शेळी बिबट्याच्या नावावर खपवायला जाऊ नका, वनवाल्यांना दाताची खूण तुमच्यापेक्षा चांगली कळते आणि पुढच्या वेळी खरी तक्रार पण खोटी वाटते.

अर्ज दिल्यावर काय? पंधरा-वीस दिवसांनी तहसीलमध्ये नैसर्गिक आपत्तीचं टेबल बघणाऱ्या क्लार्कला दोनच गोष्टी विचारा, माझं प्रकरण मंजूर यादीत गेलं का आणि निधी तालुक्याला आला का. बऱ्याचदा प्रकरण मंजूर असतं पण निधी वरून आलेला नसतो, तेव्हा रोज जाऊन वाद घालण्यात अर्थ नाही, त्या माणसाच्या हातात काही नसतं. नामंजूर झालं असेल तर कारण लेखी मागा. तोंडी "नाही बसत" हे उत्तर घेऊन घरी येऊ नका. मग तालुक्याच्या लोकशाही दिनात अर्ज द्या, महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो, जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी. तरी हालत नसेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली, तारीखवार सांगा, एवढंच विचारा. उत्तराची मुदत ३० दिवसांची, पण बहुतेक वेळा त्याआधीच फाइल सापडते.

एजंट भेटतील, हजार-दोन हजारात करून देतो म्हणणारे. या सगळ्यात अर्जाला फी नाही. सेवा केंद्रात झेरॉक्स, प्रिंट, फॉर्म भरायचे काय ते द्या, मदतीतला टक्का कुणालाही देऊ नका, आणि कोरं संमतीपत्र किंवा कोरी सही तर अजिबात नको.